निळाई का बंद पडते

तलावाच्या मधोमध बोट बंद पडली की काठावरच्या माणसांना दोनच गोष्टी करता येतात — एक तर ओरडून सल्ला द्यायचा, नाहीतर गरम भजी खायची. वाडी या ट्रकांच्या गावापलीकडच्या एका तलावाकाठी, बुधवारच्या दुपारी, माया दोन्ही करत होती.

खरं म्हणजे तिचं काम केव्हाच आटोपलं होतं. हिंगण्याच्या एका वर्कशॉपमध्ये ती जनरेटरची मेकॅनिक. तलावाकाठच्या पंपघरातला जनरेटर दुरुस्त करून, हात पुसत ती मोटरसायकलकडे निघाली, तेवढ्यात भादव्याची एक आडवी सर आली आणि तिला सिंधूताईंच्या भज्यांच्या टपरीखाली शिरावं लागलं. समोर पाण्यात एक निळी बोट अडकली होती. वीस माणसं मावतील एवढी, पुढच्या टोकाला पांढऱ्या अक्षरात ‘निळाई’ लिहिलेलं. आणि तिच्यावर उभा राहून एक उंच, ओलाचिंब माणूस बांबूने बोट काठाकडे रेटत होता.

“सेल्फ मारा!” माया ओरडली.

“मारला!” तिकडून उत्तर आलं.

“फिरून राहिलं का इंजिन?”

“फिरते... पण पेटत नाही!”

“मंग बॅटरीले हात लावू नका!”

बांबू हवेतच थांबला. पावसाच्या पडद्यातून त्या माणसाने काठाकडे पाहिलं — बराच वेळ पाहिलं. त्या महिन्यात जो भेटला त्याने त्याला बॅटरी बदलायला सांगितलं होतं, आणि भोळ्या माणसाने दोनदा बदललीही होती.

बोट काठाला लागली तेव्हा सर ओसरली होती. तो उडी मारून उतरला, बाहीने तोंड पुसलं. बाही तोंडापेक्षा ओली होती, त्यामुळे काही फरक पडला नाही.

“तुमाले बोटीचं समजते?” त्याने विचारलं.

“बोटीचं एक अक्षर नाही समजत,” माया म्हणाली. “पण ते मधातल्या पेटीखालचं इंजिन माह्या रोजच्या ओळखीचं आहे. आमच्या जनरेटरले हेच असते. तुमी त्याले पाण्यात आणून बसवलं, हे त्याले बिचाऱ्याले काय माहीत!”

तो हसला. मायाला उगाचच वाटलं, भजी जरा जास्तच तिखट झालीत... कान गरम झाले होते.

“अवं पोरी, पाहून दे नं मंग,” सिंधूताई कढईमागून म्हणाल्या. “हा अंकुश, माहा भाचा. बापानं आन् यानं मिळून मासेमारीची जुनी नाव दुरुस्त केली, इंजिन बसवलं. लोकाले तलावातल्या टेकाडावर फिरवून आणते. येत्या रविवारी साहेब येऊन राहिले ट्रायलले. दोन ट्रायली गेल्या. ही तिसरी गेली का परवाना गेला.”

“परवाना गेला तर?”

“तर मंग वाडीले जातो,” अंकुश म्हणाला. “ट्रान्सपोर्टवाल्यानं ट्रक देतो म्हटलं. रायपूर लाइन. पंधरा-पंधरा दिवस घराबाहेर.” तो हसतच बोलला खरा, पण त्याचा तळहात निळाईच्या फळीवरून फिरत होता, दावणीच्या बैलावरून फिरावा तसा. मायाने ते पाहिलं. आणि पिशवीतून नट खोलायचे पाने काढले.

“दोन्हीकडून दोरी बांधा,” ती म्हणाली. “घट्ट. हलली नाही पाहिजे.”

इथे एक गुपित सांगून टाकलं पाहिजे. मायाला पाण्याची भीती वाटायची. सात वर्षांची असताना मामाच्या गावी ती कालव्यात पडली होती, आणि तेव्हा प्यालेलं पाणी तिच्या मनातून अजून उतरलं नव्हतं. बोट बांधलेली असेल तर ठीक. सुटी बोट — नाव नको.

पेटीचं झाकण उघडून ती इंजिनाजवळ बसली. सेल्फ जोरात फिरतंय, म्हणजे वीज पुरेशी आहे. हवेचा फिल्टर साफ आहे. तिने नोझलच्या नळीचा नट थोडा ढिला केला आणि अंकुशला सेल्फ मारायला लावला. डिझेल आलं, पण बुडबुडे घेऊन, मरगळलेलं.

“नळीनं एअर धरली,” ती म्हणाली. “बारा-तेराचा पाना द्या.”

त्याने चौदा-पंधराचा दिला.

“हा चौदाचा आहे.”

“एकानं काय फरक पडते?”

“एकानंच पडते,” माया म्हणाली, आणि बरोबर पाना मिळेपर्यंत हात पुढेच ठेवला.

तिने सगळी एअर काढली, नट आवळला. सेल्फ मारताच निळाई धडधडून उठली. दोरीला बांधल्या जागी पंधरा मिनिटं चालली, चुकूनही अडखळली नाही. सिंधूताईंनी आनंदाने एक घाणा फुकट वाटला. जाताना अंकुशने नंबर मागितला — “निळाईसाठी,” असं तो दोनदा म्हणाला. माणूस एखादी गोष्ट दोनदा सांगतो तेव्हा ती खरी नसते, हे मायाला कळत होतं. तिने नंबर दिला.

गुरुवारी दुपारी फोन वाजला.

“बंद पडली,” अंकुश म्हणाला. “टेकाडाच्या पलीकडे. वीस मिनिटं मस्त चालली... मंग खोकलली, आन् गेली.”

शिफ्ट संपताच ती गेली. डिझेलचा फिल्टर बदलला, वायसर बदलले, एकेक जोड पुसून, हात फिरवून पाहिला. निळाई सुरू झाली. दोरीला बांधल्या जागी छान चालली.

शुक्रवारी तिनेच फोन केला.

“पेशंट कसा आहे?”

“पेशंट पुन्हा झोपला. पण मालकाची तब्येतही काही बरी नाही.”

“मालकाची दुरुस्ती आमच्याकडे होत नाही.”

“पाहून तरी घ्या... कदाचित त्यानंही एअर धरली असंल.”

हिंगण्याच्या वर्कशॉपमध्ये, तीन जनरेटर एकदम धडधडत असताना, एक मेकॅनिक मुलगी एकटीच हसत उभी होती. फोरमनने विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काही नाही, नट पडला.

शनिवारी तलावावर गेल्यावर मात्र तिचं डोकं फिरलं. पंप पाहिला, नळ्या पाहिल्या, टाकीत काठी घालून डिझेल मोजलं. सगळं जागच्या जागी! दोरीला बांधलं की शहाणं, पाण्यात गेलं की अडेल. उद्या ट्रायल, आणि आपल्याला दुखणंच सापडत नाही, याचा राग तिने जवळच्या माणसावर काढला. राग बहुधा जवळच्याच माणसावर निघतो.

“खरं सांगा. तुमी मुद्दाम बंद पाडून राहिले का?”

अंकुशच्या हातातला पाना तसाच राहिला. “मुद्दाम? माही बोट?”

“मंग माह्यासमोर काहून नाही बंद पडत?”

त्याने पाना फळीवर ठेवला. मग हळूच म्हणाला, “खोटं नाही बोलत. इंजिन सुरू झालं का तुमी हात धुता, पाने पिशवीत टाकता, गाडीले किक मारता... तवा मले चांगलं नाही वाटत. एवढा गुन्हा माहा आहे. पण निळाई माह्या पोटाची आहे, तिले मी नाही बंद पाडत. तुमी तिले काठावर पाहता. ती बिघडते तिकडं, मधात. एकदा चला नं माह्यासंगं.”

मायाच्या मनात पहिल्या वाक्याने जे फुललं होतं, ते शेवटच्या वाक्याने जागच्या जागी आकसलं. समोर पाणी पसरलं होतं, हिरवंकाळं, तळ न दिसणारं.

“मी नाही येत.”

“काहून?”

“काम आहे,” ती म्हणाली आणि निघाली. पाने पिशवीत टाकायलाही थांबली नाही.

पण वाडीच्या रस्त्यावर ट्रकांच्या रांगेत अडकल्यावर माणसाला स्वतःशी खोटं बोलता येत नाही. तिचे बाबा ह्याच रस्त्यावर तीस वर्षं ट्रक दुरुस्त करत होते. त्यांचा एक नेम होता. गाडी कितीही छान सुरू होवो, भरल्या मालानिशी ड्रायव्हरच्या शेजारी बसून चक्कर मारल्याशिवाय ते गाडी सोडत नसत. उभ्या गाडीचं इंजिन खोटं बोलते, म्हणायचे. आणि माया तीन दिवस उभ्या इंजिनाचं खोटं ऐकत बसली होती... कशामुळे? तर सात वर्षांच्या एका पोरीच्या भीतीमुळे. त्या भीतीपायी आता एक माणूस रायपूर लाइनला जाणार होता.

रविवारी सकाळी ट्रायलचे साहेब आले. मार्तंडराव त्यांचं नाव. हातात फाइल, कपाळाला आठी, आणि बोलणं मोजकं. वस्तीतली वीस माणसं बोटीत बसायला नटूनथटून आली होती.

“टेकाडाला वळसा घालून परत यायचं,” मार्तंडराव म्हणाले. “इंजिन एकदाही बंद पडता कामा नये. पडलं, तर मी काठावर उतरून सरळ घरी जाणार.”

अंकुशने मान हलवली. त्याची नजर रस्त्याकडे होती. आणि रस्त्यावर धुरळा उडाला.

माया गाडी लावून धावत आली. अंगात वर्कशॉपचा निळा शर्ट, खांद्याला पिशवी, चेहरा पांढरा पडलेला.

“मी येऊन राहिली,” ती म्हणाली. मग आवाज खाली आणून — “लाइफ जॅकेट दोन भेटतील का?”

“दोन काहून?” अंकुशने विचारलं... आणि विचारता विचारताच त्याला कळलं. घट्ट दोऱ्या, काठ, कालचं ते ‘काम आहे’ — सगळं कळलं. तो हसला नाही. त्याने एक जॅकेट तिच्या अंगात चढवलं, पट्टे स्वतः आवळले आणि हात पुढे केला.

“सोडू नका,” ती पुटपुटली.

“बोट कोण चालवंल मंग?”

“एका हातानं चालवा.”

साहेबांनी फाइलवरून वर पाहिलं. वीस माणसांनीही पाहिलं. सिंधूताईंनी मात्र मुद्दाम कढईत डोकं घातलं.

निळाई निघाली. काठ मागे सरकला, टपरी लहान झाली. माया डोळे मिटून इंजिनाच्या पेटीला चिकटून बसली होती, एका हातात अंकुशचा हात. हळूहळू भीतीच्या खालून तिला आवाज ऐकू यायला लागला. धडधड एकसारखी, भरलेली. पाच मिनिटं. दहा. टेकाड जवळ आलं. वळसा पडला. वीस...

आणि तिने डोळे उघडले. आवाज बदलला होता. कोणालाच कळलं नव्हतं, पण तिला कळलं. धडधडीतला एक ठोका पातळ झाला होता. मग दुसरा. इंजिनाला डिझेल कमी पडत होतं.

“माया...” अंकुश म्हणाला. पहिल्यांदाच त्याने नुसतं नाव घेतलं होतं, पण ते लक्षात घ्यायला वेळ कोणाला होता?

खक्... निळाई खोकलली. मार्तंडरावांनी पेन काढलं.

मायाने त्याचा हात सोडला. चालत्या बोटीत, गुडघ्यांवर, ती मागच्या टाकीकडे सरकली. डिझेल भरलेलं आहे, फिल्टर नवा आहे, तरी इंजिन उपाशी! तिने टाकीचं झाकण फिरवलं. झाकण हलेना. बांधलेल्या बोटीत दोन बोटांनी उघडणारं झाकण आतून कोणीतरी ओढून धरल्यासारखं घट्ट बसलं होतं. तिने दोन्ही हात लावले, दात-ओठ खाऊन हिसका दिला — आणि झाकण निघालं. स्स्स्... बाहेरची हवा तिच्या तळहाताला चाटून सरकन आत शिरली.

दुसरा खोकला आलाच नाही. ठोका भरला. मग दुसरा भरला. निळाईने मान वर केल्यासारखी धाव घेतली.

“भेटलं!” माया उभी राहून ओरडली. भर तलावात, काहीही न धरता. “अंकुश, भेटलं! टाकीले हवा नव्हती भेटून राहिली! पळवा आता!”

वीस माणसांनी जो गलका केला, त्याने टेकाडावरचे बगळे उडाले. बोट काठाला लागेपर्यंत माया झाकण हातात धरून उभी होती, आणि मार्तंडरावांनी पेन पुन्हा खिशात ठेवलं होतं.

काठावर उतरल्यावर ते म्हणाले, “इंजिन बंद पडलं नाही, ही गोष्ट खरी. पण झाकण उघडं ठेवून माणसं नेता येणार नाहीत. आणि मला हे समजलंही पाहिजे.”

मायाने सिंधूताईंचा तेलाचा डबा उचलला. “ताई, तुमी डब्याले भोकं किती पाडता?”

“दोन. एकानं तेल पडते का व? दुसऱ्यातून हवा नको?”

“बस, एवढंच,” माया साहेबांना म्हणाली. “डिझेल बाहेर जाते, तेवढी हवा टाकीत आत याले पाहिजे. त्याच्यासाठी एक बारीक नळी असते. ती बुजली. म्हणून वीस मिनिटं चालते, आतली ओढ वाढली का उपाशी मरते. आन् बांबूनं काठावर येईपर्यंत हवा कुठून-कुठून टाकीत झिरपते, म्हणून मले काठावर काहीच सापडत नव्हतं. दोरीले बांधून इंजिन डिझेल पेते किती? घोटभर! चूक माही आहे, साहेब. मी चक्कर न मारता गाडी सोडली.”

नळीचं तोंड बोटीच्या बाहेरच्या फळीवर निघत होतं. सगळे वाकून पाहायला लागले. तिथे, नेमकं त्याच तोंडावर, कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. गोल, गुळगुळीत, तीन खोल्यांचं. खोल्यांची दारं लिंपलेली. आत पिल्लं होती.

“हे तर महिन्यापासून आहे,” अंकुश म्हणाला. “खाली नळी आहे हे ध्यानातच नाही राहिलं. मी काढणार होतो, आत्यानं काढू नाही दिलं.”

सगळ्यांच्या नजरा सिंधूताईंकडे गेल्या. त्यांनी झारा खाली ठेवला.

“शकुन-अपशकुन मी मानत नाही,” त्या म्हणाल्या. “पण रस्ता मोठा केला तवा माहं घर मोडलं होतं. सामान रस्त्यावर, आन् मी सामानावर. तवापासून कोणाचंच घर मोडाले हात नाही होत... माशीचंही नाही. माह्यापायी पोराचा परवाना जात होता, हे मले काय माहीत बाप्पा!”

मायाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “राहू द्या तिचं घर. टाकीले दुसरा रस्ता करू. साहेब, दुपारपर्यंत थांबाल?”

मार्तंडरावांनी घड्याळ पाहिलं, कढई पाहिली, आणि थांबले.

माया झाकण घेऊन वाडीला बाबांच्या गॅरेजमध्ये गेली. झाकणाला बारीक भोक पाडलं, त्यात खाली वाकवलेली नळी बसवून जोड दिला, म्हणजे हवा जाईल, पावसाचं पाणी जाणार नाही. नळीच्या तोंडाला बारीक जाळी लावली, पुन्हा कोणी बिऱ्हाड करू नये म्हणून. तीन वाजता नवं झाकण टाकीवर चढलं. निळाई पुन्हा वीस माणसं घेऊन निघाली, टेकाडाला दोन वळसे घालून आली, आणि एकदाही खोकलली नाही. मार्तंडरावांनी फाइलवर सही केली, तेव्हा कपाळावरची आठी पहिल्यांदाच गेली होती.

“पास,” ते म्हणाले. “आणि ही दुरुस्ती मी आजवर पाहिलेल्यांत उत्तम.”

शिट्ट्या झाल्या, गुलाल नव्हता म्हणून कोणी हळद उधळली. गर्दी पांगली. मायाने हात धुतले, पाने पिशवीत टाकले... आणि तिथेच उभी राहिली. आता पुढे काय करायचं, हे तिला ठाऊक नव्हतं. बोट दुरुस्त झाली होती.

“एक चक्कर बाकी आहे,” अंकुश मागून म्हणाला. “नुसती तुमची. याल?”

तिने एकच जॅकेट घेतलं.

पश्चिमेचं ऊन पाण्यावर सांडलं होतं. तलावाच्या बरोबर मधोमध आल्यावर अंकुशने इंजिन बंद केलं. मोठी शांतता पसरली; फळ्यांवर पाण्याचं चुळुक्-चुळुक् तेवढं.

“काहून बंद केलं?”

“त्या आवाजात बोलता नाही येत.” त्याने मोठा श्वास घेतला. “माया... मले तू पाहिजे. इंजिनासाठी नाही. निळाई आता जन्मात बंद नाही पडली, तरी तू यावं. रोज यावं.”

“हे सांगाले इतक्या मधात आणलं? काठावर नसतं सांगता आलं?”

“काठावर तू गाडीले किक मारून निघून जाते.”

ती हसली. हसता हसता तिच्या लक्षात आलं, आपण काहीच धरलेलं नाही. चारी बाजूंनी पाणी आहे, आणि छातीत जे धडधडतंय ते भीतीचं नाही.

“हाव,” मान डोलावून ती म्हणाली.

“हाव म्हणजे... काय हाव?”

“हाव म्हणजे हाव! मलेही तू पाहिजे. बुधवारपासूनच पाहिजे होता, पण तुही बोट मधात येऊन राहिली होती.”

अंकुश नुसता तिच्याकडे पाहत राहिला, त्या पहिल्या दुपारी पाहत होता त्याहून जास्त वेळ. शेवटी मायानेच पुढे होऊन किल्ली फिरवली. निळाई पहिल्याच झटक्यात धडधडून उठली. मायाने सुकाणू हातात घेतलं आणि बोटीचं तोंड टेकाडाकडे वळवलं.

“काठ तिकडं आहे,” अंकुश म्हणाला.

“माहीत आहे मले,” माया म्हणाली, आणि वेग वाढवला.